तिने लांबची वाट का धरली

पहिल्या वेळी मी मराठीच्या पेपरात नापास झाले, आणि तेही जी गोष्ट मला तोंडपाठ होती तिच्यावरच्या प्रश्नात.

माझी शाळा चौथीपर्यंत. कुंभार पिंपळगावापासून आत असलेल्या आमच्या वस्तीवर तेवढीच शाळा होती. पुढच्या वर्गासाठी रोज गावात चालत जावं लागायचं. एकट्या पोरीला इतक्या लांब पाठवायचं कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही आलं नाही. लग्न होऊन जालन्याला आले. नवरा एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात, मी बियाण्याच्या कारखान्यात निवडणीला. पट्ट्यावरून बी सरकत येतं, त्यातलं फुटकं, काळं, दुसऱ्या वाणाचं बी आम्ही बायका बोटांनी उचलून बाजूला टाकतो. तोंड मोकळं असतं, म्हणून बायका बोलतात. मी फारसं बोलत नाही. मी पिशव्यांवरची बारीक अक्षरं वाचत बसते. किती खोल पेरायचं, दोन ओळींत किती अंतर ठेवायचं, सगळं मला पाठ आहे. शेत मात्र आमच्याकडे नाही.

लेक दहावीला होती तेव्हा तिनेच कुठूनतरी शोधून काढलं की शाळा कमी झालेल्या माणसालाही एक पूर्वपरीक्षा देऊन बाहेरून बी.ए.ला बसता येतं.

"मम्मी, तू नुसती पिशव्या वाचून राह्यली. वाचायचंच हाय तर परीक्षेचं वाच की."

"लोक हसतील."

"कोन लोक? तू कुनाला सांगनार हायेस का?"

ते मात्र खरं होतं. पूर्वपरीक्षा पास झाले. फॉर्मवर विषय विचारला तेव्हा मी मराठी लिहिलं, कारण त्यात गोष्टी असतात.

दर रविवारी एका कॉलेजात वर्ग भरायचा. एक पोलीस, दोन अंगणवाडीतल्या बाया, कॉलेज अर्धं सोडलेली काही पोरं, आणि शेवटच्या बाकावर मी. शिकवायला एक मॅडम होत्या, माझ्यापेक्षा लहान. सगळ्यांना अहो-जाहो करायच्या. वर्षभरात मी त्यांना एकही प्रश्न विचारला नाही.

आम्हाला एक गोष्ट होती, पुस्तकातली चार पानं. एक बाई रोज दुपारी नवऱ्याची भाकरी घेऊन शेतात जाते. एक दिवस तो झाडाखाली झोपलेला असतो. ती त्याला उठवत नाही. भाकरीचं फडकं मुंग्या लागू नयेत म्हणून फांदीला टांगते आणि परत जाते. संध्याकाळी तो घरी येऊन विचारतो, "उठवलं का न्हाई?" ती म्हणते, "झोप लागली होती तुम्हाला." संपली गोष्ट. मला ती फार आवडली आणि का आवडली ते सांगता येत नव्हतं.

परीक्षेत आलं, "या कथेतील नायिकेचे स्वभावचित्र रेखाटा." मी खूश झाले. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अख्खी गोष्ट लिहून काढली. बाकीचे प्रश्नही तसेच लिहिले. निकाल लागला, नापास.

जे नापास झाले त्यांना मॅडमनी सांगितलं, परीक्षेत लिहिलं होतं तेच उत्तर घरून पुन्हा लिहून आणा. मी आणलं. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं.

"अहो, ही तर सगळी गोष्टच लिहिलीत तुम्ही."

"हो मॅडम. काहीच सोडलं न्हाई."

"आणि शेवटी हे काय? 'जी बाई ही गोष्ट मन लावून वाचील तिच्या घरी अन्नाला तोटा पडणार नाही.' हे पुस्तकात कुठंय?"

वर्ग हसला. पोलीस मागे वळून म्हणाला, "मॅडम, मी दोनदा वाचली. काल घरी निस्ती चटणी व्हती."

मीही हसले, पण कान तापले होते. ते वाक्य पुस्तकातलं नव्हतं. ते माझ्या हातातून आपोआप उतरलं होतं, आणि कुठून उतरलं ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. आमच्या वस्तीवर श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. पोथीला दोन माणसं लागतात. एक वाचणारं, एक अर्थ सांगणारं. वाचणाऱ्या बुवांची नजर गेली तेव्हा वस्तीत स्पष्ट वाचणारी मीच निघाले. चार वर्षं मी वाचलं. अर्थ माझे मोठे चुलते सांगायचे. वाचणाऱ्याने एक अक्षर गाळायचं नाही, अध्याय मधे सोडायचा नाही, आणि शेवटी ही पोथी ऐकणाऱ्याला काय फळ मिळतं ते वाचून मगच उठायचं. एकदा मी वाचता वाचता थांबून म्हणाले होते, "मोठे बाबा, ह्या राणीला राग आला आसंल का?" ते म्हणाले, "तू वाच. अर्थाचं मी पाहतो." रागावले नव्हते. कामाची वाटणी होती ती, दुसरं काही नाही.

मी परीक्षेतही वाचणारीचंच काम केलं होतं. अर्थाचं तपासणारे पाहतील असं धरून.

"गोष्ट मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटलं ते लिहायचंय."

"मला?"

"तुम्हाला."

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "दुसऱ्यांदा बस, कोन न्हाई म्हनतंय. पन तिसऱ्यांदा न्हाई बरं का. रविवार एकच भेटतो, त्यात बी तू नसती." त्याचं चूक नव्हतं. लेक जूनमध्ये संभाजीनगरला नर्सिंगला जाणार होती. ती गेल्यावर फॉर्म भरायला, निकाल काढायला घरात कुणी उरणार नव्हतं. म्हणजे ही एकच खेप हातात होती. ह्यात पास झाले तर दुसरं वर्ष, नाहीतर पुस्तकं बांधून माळ्यावर.

लेकीने मला हाताशी धरलं. तिने गाईड आणलं आणि परीक्षा कशी लिहायची ते शिकवलं. मुद्दे पाडायचे. मुद्द्याखाली पट्टीने रेघ मारायची. सुरुवातीला एखादा सुविचार टाकायचा, तपासणाऱ्याला बरं वाटतं. दोन ओळींत जागा सोडायची.

"किती?" मी विचारलं.

"म्हंजे?"

"किती अंतर?"

"मम्मी, हे कापूस लावणं न्हाई."

गाईडमध्ये नायिकेचे चार मुद्दे होते. सोशिक, पतिपरायण, त्यागी, ग्रामीण स्त्रीचे प्रतीक. लेकीने पहिली अक्षरं जोडून दिली. "सोपत्याग्रा. म्हन."

"सोपत्याग्रा."

"झोपेत बी आलं पाह्यजे."

कारखान्यात बी निवडताना मी तोंडातल्या तोंडात म्हणत होते. शेजारच्या मावशींनी ऐकलं. त्या माझ्यापेक्षा मोठ्या, अक्षरओळख नाही, पण पट्ट्यावर सगळ्यांत तेज नजर त्यांची.

"काय गं, कशाचा मंतर म्हनून राह्यली? नवरा वश करायचा का?"

"परीक्षेचं हाय मावशी."

"सांग की मंग. नुसतं पुटपुटू नको, भ्या वाटतं."

मी गोष्ट सांगितली. मला गोष्ट सांगायची म्हणजे पुस्तकात आहे तशीच सांगता येते, एक शब्द इकडेतिकडे होत नाही. नवरा झोपला, भाकरी टांगली, मावशी मधेच म्हणाल्या, "उठवायचं मेल्याला, भाकर गार झाली की," आणि मी पुढचं वाक्य म्हणाले, "ती लांबच्या वाटेने घरी परतली."

मावशींचा हात पट्ट्यावरच राहिला.

"लांबच्या?"

"आसंच हाय पुस्तकात."

"जाताना कोन्त्या वाटंनं गेल्ती?"

"बांधावरून. जवळच्या."

"मंग तिला घरी जायचं नव्हतं," मावशी म्हणाल्या, एक काळं बी उचलून फेकलं आणि त्यांचं लक्ष परत कामात गेलं.

माझ्या हाताखालून त्या तासात किती खराब बी तसंच पुढे गेलं असेल कोण जाणे.

घरी आल्यावर आधी पुस्तक काढलं. होतं. जाताना "बांधावरून झपझप" आणि येताना "लांबच्या वाटेने". घरी पोचली तेव्हा "उन्हं कलली होती." मी ती गोष्ट वीसेक वेळा वाचली होती, एकदा हाताने लिहून काढली होती, आणि माझ्या डोळ्यांनी ती वाट पाहिलीच नव्हती. गाईडही पाहिलं. गाईडमध्ये ती वाट नव्हतीच. गाईड लिहिणाऱ्याने बाईला शेतातून थेट घरी आणून सोडलं होतं.

आता मला झोप लागेना अशातला भाग नाही, मी दमून झोपत होते. पण जागेपणी सारखं तेच डोक्यात. ती त्या वाटेने चालताना काय करत असेल? बसली असेल का कुठे? गाणं म्हणाली असेल? लिहिणाऱ्याने ते का सांगितलं नाही? त्याला माहीत नव्हतं, की माहीत होतं आणि तिच्यासाठी झाकून ठेवलं? मला तोपर्यंत वाटायचं की पुस्तकात जे लिहिलेलं असतं तेवढंच असतं. आता वाटू लागलं की लिहिणारा काही ठिकाणी दार लोटून ठेवतो, कडी लावत नाही.

पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर मी फाटकापाशी थांबले. मॅडम स्कूटीवर बसून हेल्मेट घालत होत्या. वर्षभरातला माझा पहिला प्रश्न.

"मॅडम, गाईडमधे न्हाई ते लिहिलं तर चालतं का?"

त्यांनी हेल्मेट काढलं. "काय लिहायचंय?"

मी सांगितलं. ती सोसणारी म्हणून परत गेली नाही, तिला थोडा वेळ स्वतःचा हवा होता म्हणून गेली. आणि वाटेचं सांगितलं. बोलताना मी त्यांच्या स्कूटीच्या आरशाकडे पाहत होते.

मॅडमनी जरा विचार केला. "मला नाही पटत," त्या म्हणाल्या. "दुपारची वेळ आहे. बांधावर ऊन. लांबच्या वाटेला सावली असेल, म्हणून धरली असेल."

मला वाईट वाटायला हवं होतं. पण झालं उलटंच. मॅडम माझ्याशी भांडत होत्या, बरोबरीच्या माणसाशी भांडावं तशा. आणि मला त्यांचं उत्तर माहीत होतं.

"पन मॅडम, झाड एकच हाय गोष्टीत. नवरा झोपलाय तेच. वाटंला झाडं हायेत आसं कुठंच न्हाई."

"नक्की?"

"मला पाठ हाय."

त्या हसल्या. मग गंभीर झाल्या. "हे बघा, पेपर कोण तपासेल मला माहीत नाही. गाईडचं लिहिलंत तर पास व्हाल, हे मी छातीठोक सांगते. तुमचं लिहिलंत तर कुठल्या ओळीवरून म्हणताय ती ओळ दाखवा. पण हमी मी देत नाही. तुमची ही दुसरी वेळ आहे."

"शेवटची हाय."

"मग विचार करून लिहा."

लेकीला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. "मम्मी, आधी पास हो. मंग तुला काय वाटायचं ते वाटू दे."

ते मला पटलं. खरंच पटलं. परीक्षेला गेले ते सोपत्याग्रा पक्कं करून.

प्रश्न आला, तीच गोष्ट, तीच बाई. मी सुविचार टाकला. 'सोशिक' लिहिलं, खाली रेघ मारली, चार ओळी लिहिल्या. 'पतिपरायण', रेघ, चार ओळी. 'त्यागी' लिहिलं, रेघ मारली, आणि पुढे पेन चालेना. तिने काय टाकलं होतं? भाकरी तर दिली होती. नवरा होता, घर होतं. उलट त्या दुपारी तिने काहीतरी घेतलं होतं. ते मला दिसत होतं आणि मी खाली रेघ मारून भलतंच लिहायला बसले होते. बाहेरच्या वऱ्हांड्यात कुणीतरी पाण्याच्या टाकीचा नळ सोडला होता, त्याचा आवाज येत होता. मी बराच वेळ तो ऐकला. मग 'त्यागी' हा शब्द एका आडव्या रेघेने खोडला आणि लिहिलं, "ही बाई त्यागी आहे असे मला वाटत नाही. ती नवऱ्यासाठी नाही, स्वतःसाठी परत गेली. कारण ती लांबच्या वाटेने गेली." बांधावरची ओळ लिहिली, उन्हं कलल्याची ओळ लिहिली, एकाच झाडाचं लिहिलं. दीड पान झालं. 'मला वाटते' हे शब्द मी त्याआधी कधी कागदावर लिहिले होते का, आठवत नाही.

घरी कुणाला सांगितलं नाही. दोन महिने मी रोज पट्ट्यावर बसून स्वतःला शिव्या घातल्या. एका शब्दावर रेघ मारली आणि त्यासरशी दुसरं वर्षही गेलं, असं वाटायचं.

निकाल लेकीने मोबाईलवर काढला. "पास! मम्मी, मराठीत काठावर हाय, पन पास!" नवऱ्याने दुकानातून पेढे आणले आणि स्वतःच जास्त खाल्ले.

मला मात्र वेगळंच हवं होतं. "मला माझा पेपर पाहायचाय," मी म्हणाले.

"छायाप्रत?" लेक म्हणाली. "ती नापास झालेले मागतात."

नवरा म्हणाला, "गप बस. ते म्हनतील, ही बाई चुकून पास झाली वाटतं, पुन्हा तपासा."

ती भीती मलाही होती. पण कुणी ते दीड पान वाचलं की नुसते मार्क टाकून पान उलटलं, हे मला समजायलाच हवं होतं. वर्षभरात मी लेकीपाशी कधी हट्ट केला नव्हता, तो ह्यावेळी केला. तिने कुरकुरत अर्ज केला.

महिन्याने पेपर मोबाईलवर आला. पानं करडी, माझं अक्षर कोंबडीने पाय पुसल्यासारखं. लेकीने दोन बोटांनी मोठं करून दाखवलं. बाकीच्या उत्तरांवर बरोबरच्या खुणा होत्या. ह्या उत्तरावर खूण नव्हती. दहापैकी पाच मार्क होते. "स्वतःसाठी परत गेली" ह्या शब्दांखाली रेघ होती आणि बाजूच्या समासात दोन अक्षरांएवढं काहीतरी. आणखी मोठं केलं.

"का?"

बस, एवढंच.

"बघ," लेक म्हणाली, "पटलं न्हाई त्यास्नी. म्हनून पाच."

असेलही. मला मात्र इतका आनंद झाला की मी उठून पाणी प्यायला गेले, चेहरा दिसू नये म्हणून. कुणीतरी, कुठल्याशा गावात, पेपरांच्या गठ्ठ्यातून मान वर काढून मला विचारलं होतं. ते पुरुष आहेत की बाई, म्हातारे की तरुण, काही माहीत नाही. त्यांना उत्तर पाठवायची सोय नाही. लेक दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरून देऊन संभाजीनगरला गेली, आणि मी तिच्या कोऱ्या राहिलेल्या वहीत हे लिहायला बसले. कारण विचारल्यावर सांगावं असं मला वाटतं, आणि परीक्षेत जे सांगता येत नव्हतं ते हे.

मागच्या उन्हाळ्यात एकदा दुपारी कारखान्यातली वीज गेली. मोठा बिघाड होता. आम्हाला सोडून दिलं. बायका शेडखाली टेम्पोची वाट बघत बसल्या. मी "माझं काम हाय" म्हणाले आणि बाहेर पडून जुन्या जालन्याकडे जाणाऱ्या ऑटोत बसले. काम काहीच नव्हतं. कापडाच्या गल्लीतून चालले. एका दुकानदाराने विचारलं, "काय दाखवू ताई?" मी म्हणाले, "काही न्हाई." पुढे धान्याच्या दुकानांपाशी ज्वारीचे ढीग होते, हात घालावासा वाटला, घातला. एका बंद दुकानाच्या पायरीवर सावलीत बसले. माणसं जात-येत होती. मी कुठे आहे हे जगात कुणालाही माहीत नव्हतं. किती वेळ बसले ते सांगता येत नाही. मग रोजच्या वेळेला रोजच्यासारखी घरी आले, पीठ मळलं. कुणी काही विचारलं नाही, म्हणून मला खोटं बोलावं लागलं नाही.

घरावर राग नव्हता माझा. गोष्टीतल्या त्या बाईचाही नवऱ्यावर नव्हता. तुम्ही पेपर तपासता, तुम्ही नीट बघा, तिने भाकरी फांदीला टांगली होती. ज्याच्यावर राग असतो त्याची भाकरी कुणी मुंग्यांपासून जपत नाही. तो झोपला होता, त्याला भाकरी मिळणार होती, घरी तिच्यावाचून काही अडत नव्हतं, आणि दुपार रिकामी होती. म्हणून ती लांबच्या वाटेने गेली. त्या वाटेवर तिने काय केलं ते मला माहीत नाही. ज्वारीत हात घालण्यासारखंच काहीतरी असेल.